पालथी कवडी

फार फार पूर्वी, डोंगर अजून वाढत होते म्हणतात, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात काळझोप नावाचा आजार होता. लेकरू खेळता खेळता झोपी जाई, ते पुन्हा उठत नसे. कितीही काढे पाजा, आजवर एकही उठलं नव्हतं.

त्या राज्यात एक शहाणा नियम होता. नवं औषध आलं, की राजवैद्य प्रत्येक रोग्यासाठी कवडी टाकत. उताणी पडली तर नवं औषध, पालथी पडली तर जुना काढा. मग कोण बरं झालं ते ताडून पाहत. या नियमाने कितीतरी भोंदूंना वेशीबाहेर काढलं होतं.

एकदा डोंगरापलीकडून एक वैद्यीण मुळीचा रस घेऊन आली.

"आमच्याकडे काळझोपेतल्या सगळ्या लेकरांना दिला," ती म्हणाली. "एक सोडून सारी उठली."

राजवैद्यांनी स्वतः डोंगरापलीकडे जाऊन पाहिलं. ती लेकरं झाडावर चढून चिंचा पाडत होती!

तरी नियम तो नियम. गावातली एक मुलगी झोपी गेली, तेव्हा त्यांनी कवडी टाकली. पालथी पडली.

"बाबा, काढ्याने उठेल ना हो ती?" आईने विचारलं.

राजवैद्यांनी पालथ्या कवडीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"माय, शंका असते तिथे मी कवडी टाकतो," ते हळूच म्हणाले. "इथे शंका उरलीच कुठे?"

त्यांनी कवडी उचलली आणि रस मुलीच्या ओठांना लावला. सगळं गाव भोवती जमलं होतं. पापण्या हलल्या.

"आई, माझा भोवरा कुणी घेतला?"

देवळात जोडावेत तसे सर्वांचे हात आपोआप जोडले गेले.

ही वार्ता ऐकून एक चाटणवाला धावत आला. "माझ्याही चाटणाला कवडी नको! खोकला जरा लवकर जातो."

"जरा ना?" राजवैद्य हसले. "मग कवडी तुझ्यासाठीच आहे, शेठ!"

रस मात्र त्या दिवसापासून प्रत्येक आजारी लेकराला मिळू लागला. राजवैद्य बऱ्या झालेल्यांच्या घरी जात राहिले. काहींचे हात थरथरतात हे त्यांना तिथेच दिसलं, म्हणून त्यांनी रसाची मात्रा कमी केली. थरथर थांबली, आणि लेकरं उठतच राहिली.

तात्पर्य: फरक थोडा असेल तर कसोटी लावावी, तो जीवन-मरणाइतका लख्ख असेल, तर आधी जीव वाचवावा आणि नजर मात्र पुढेही ठेवावी.