पाच घासांची धाप

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडी संपून उघडा माळ सुरू होतो, तिथे मेंढरांचा एक मोठा कळप राहत असे. कळपात दहा-बारा शेळ्याही होत्या. एक एडका सगळ्यांचा म्होरक्या होता आणि राखणीला एक कुत्री होती. माळापलीकडे डोंगर होता आणि डोंगरात एक लांडगा होता. पण मुलांनो, ही गोष्ट लांडग्याच्या दुष्टपणाची नाही. लांडगा लांडग्यासारखाच वागला, त्याच्यावर रागावून काय उपयोग? राग यावा असे जे घडले, ते कळपातच घडले.

दर उन्हाळ्यात तळे आटले की कळप डोंगरातली खिंड ओलांडून पलीकडच्या नदीकाठी जाई. खिंड अरुंद होती. मेंढरे एकामागून एक चालत आणि सगळ्यांच्या मागे कुत्री असे. लांडगा नेमका त्या शेवटच्या टोकावर येई. कुत्रीने हाकलला की जाई, जरा वेळाने दुसऱ्या बाजूने येई, पुन्हा हाकलला की पुन्हा येई. राखणदाराला आधी दमवायचे आणि मग शिकार उचलायची, ही त्याची रीत. म्हणून खिंडीत कुत्रीने एकदा जिवाच्या आकांताने धावून भागत नसे. तिला पुन्हा पुन्हा धावावे लागे.

हे सगळ्यात चांगले ठाऊक होते ते एका म्हाताऱ्या शेळीला. तिचे एक शिंग मोडलेले होते आणि जीभ तिखट होती. उतारवयात तिला एक करडू झाले होते, तेही पुढच्या एका पायाने अधू. कळप चालू लागला की ते हमखास मागे पडे. खिंडीतही ते शेवटचेच असणार होते. त्याचा जीव कुत्रीच्या पायांवर अवलंबून होता, आणि म्हणून त्या पायांवर शेळीचे जितके लक्ष असे तितके खुद्द कुत्रीचेही नसेल.

कुत्री हिवाळ्यापासूनच तयारीला लागे. रोज संध्याकाळी ती समोरच्या टेकडीच्या माथ्यापर्यंत धावत जाई आणि धावतच परत येई. शेळी बोरीच्या झाडाखाली रवंथ करत बसलेली असे. कुत्री येऊन तिच्यापुढे बसली की शेळी मोजायला लागे. एक घास चावून गिळला, दुसरा वर आला, तो चावून गिळला. कुत्रीची बाहेर लोंबणारी जीभ आत जाऊन तोंड मिटेपर्यंत किती घास झाले, एवढेच ती पाही. पौषात चौदा घास लागत. माघ सरता सरता नऊ झाले. फाल्गुनाच्या अखेरीस पाचावर आले आणि पुढे चार दिवस पाचावरच राहिले.

पाचव्या दिवशी शेळी म्हणाली, "पोरी, आता याच्या खाली जाणार नाही. भाकरी तव्यावर फुगते ना, तेव्हाच उतरवायची असते. आठ-दहा दिवसांत खिंड ओलांडली पाहिजे."

"मलाही तसंच वाटतं, मावशी," कुत्री म्हणाली. "पाय जमिनीला लागतात की नाही, तेच कळत नाही आजकाल."

समोरच्या कड्यावर त्या वेळी एक राखी ठिपका होता. तो रोजच असे. कुत्रीचे तोंड मिटले की तो ठिपका उठून डोंगरामागे निघून जाई. शेळीने तो पाहिला होता आणि त्याचा अर्थही तिला कळला होता.

निघण्याआधी म्होरक्याने सगळ्यांची पाहणी करायची, अशी कळपात जुनी चाल होती. एडका एका उंच शिळेवर उभा राही आणि एकेक जण खालून जाई. त्याने आयुष्यात कुणाला धावताना निरखले नव्हते. त्याची वळणदार शिंगे एवढी जड होती की मान वाकवून बघण्याचाही त्याला कंटाळा असे. कुत्री शिळेखालून गेली आणि एडका दचकला. तिच्या कुशीवरच्या शेवटच्या तीन फासळ्या दिसत होत्या. पोट खपाटीला गेले होते. मांड्या मात्र दगडासारख्या घट्ट होत्या, पण एवढ्या उंचावरून त्या दिसणार कशा?

त्याच शिळेजवळच्या बाभळीवर कावळा बसला होता. दहा ठिकाणी उष्टे खावे आणि दहा ठिकाणच्या गोष्टी वीस ठिकाणी सांगाव्यात, हा त्याचा धंदा. तो हळहळून म्हणाला की, जंगलात सगळीकडे बोलणे चालू आहे, एवढा भरलेला कळप आणि राखणदाराच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. एवढे ऐकले आणि एडक्याच्या अब्रूला आग लागली. कुत्री आजारी आहे का, हे त्याने विचारले नाही. ती किती धावते, हेही विचारले नाही. लोक काय म्हणतात ते कळले, तेवढे त्याला पुरले.

त्याने हुकूम सोडला. कळप तीन आठवडे थांबेल. कुत्रीला रोज चार शेळ्यांचे दूध मिळेल. टेकडीवर धावणे बंद, तिने फक्त सावलीत बसायचे. कुत्रीने नम्रपणे सांगून पाहिले की दूध नको, निदान पाय मोकळे राहू द्या. एडक्याला तो तिचा भिडस्तपणा वाटला आणि त्याने आणखी एका शेळीचे दूध वाढवले.

म्हातारी शेळी तडक शिळेपाशी गेली. "आबा, ती उपाशी नाही, ती तयार आहे. पाच घासांत तिची धाप उतरते. मी स्वतः मोजलंय."

"तू पाला चघळ," एडका म्हणाला. "रवंथ करता करता कुणाला राज्य चालवता आलं असतं, तर म्होरक्या कशाला लागला असता?"

मेंढरे हसली. मेंढरांचे काय, पुढचे हसले की मागचे हसते. शेळी मात्र संतापून परतली. ज्याने कधी मोजले नाही त्याने मोजणाऱ्याला हसावे, आणि ज्यांचा जीव टांगणीला लागला आहे त्यांनीही त्या हसण्यात सामील व्हावे, याहून चीड आणणारे दुसरे काय असते?

तीन आठवड्यांत कुत्री भरली. फासळ्या गेल्या, पाठ रुंद झाली, अंगावर अशी तुकतुकी आली की उन्हात डोळे दिपावेत. कावळा रोज येऊन वाहवा करू लागला. एडका पाहुण्यांना बोलावून तिला दाखवू लागला. संध्याकाळी विखुरलेली मेंढरे गोळा करायला ती कळपाभोवती एक फेरी मारी, आणि तेवढ्यानेच तिची जीभ बाहेर येई. शेळी बोरीखाली बसून मोजत होतीच. सात. मग नऊ. मग बारा. कड्यावरचा राखी ठिपका आता लवकर उठून जात नव्हता. एका संध्याकाळी तो कड्यावर दिसलाच नाही. तो खाली उतरून टेकडीच्या पायथ्याच्या दगडावर येऊन बसला होता.

शेळीने आपला अपमान गिळला आणि ती पुन्हा एडक्याकडे गेली. लांडगा जवळ आला आहे, तो आपल्या कुत्रीची धाप बघायला येतो, असे तिने सांगितले. एडका खुशीत म्हणाला की येऊ दे, हे अंग बघून तोच पळेल. दुसऱ्या सकाळी पाहणी झाली. कुत्री शिळेखालून गेली तेव्हा एडक्याने मान डोलावली आणि जाहीर केले की, आता खरी तयारी झाली.

तोवर तळ्याचा चिखल झाला होता. थांबायची सोय नव्हती. कळप निघाला.

खिंडीत अर्धी वाट सरली तेव्हा लांडगा डावीकडून आला. कुत्री झेपावली, तो मागे सरला. ती परत आली तेव्हा तिचा श्वास शेळीला पाठीमागे ऐकू येत होता. शेळी करडाला डोक्याने पुढे ढकलत होती. लांडगा उजवीकडून आला. कुत्री पुन्हा धावली, पण या वेळी तो फार लांब गेला नाही. ती परतली ती अडखळत, डोळे लाल झालेले, जीभ जमिनीला टेकायला आलेली. पुढच्या मेंढरांत गडबड उडाली. सगळ्यांत आधी एडका पळाला, आणि त्याच्या मागे सगळा कळप. मागे उरली ती कुत्री, म्हातारी शेळी आणि तीन पायांवर लंगडणारे करडू.

तिसऱ्या वेळी लांडगा सावकाश चालत आला. घाई करायचे त्याला कारणच नव्हते.

"महिन्यापूर्वी तू धावायचीस तेव्हा मी कडा सोडायची हिंमत केली नाही," तो म्हणाला. "तू कधी तयार होतीस ते मला ठाऊक होतं. तुझ्या घरच्यांना ठाऊक नव्हतं."

कुत्रीला धावता येईना. मग ती धावलीच नाही. ती करडाच्या अंगावर आडवी उभी राहिली. लांडग्याने तिचा खांदा फाडला, तरी ती हलली नाही. उलट त्याचा कान तिने दातांत धरला तो सोडलाच नाही. त्याच वेळी म्हातारीने आपले उरलेले एकच शिंग सगळ्या ताकदीनिशी त्याच्या बरगडीत घातले. लांडग्याला पोट भरायचे होते, मरायचे नव्हते. अर्धा कान तिथेच टाकून तो निघून गेला.

तिघेही नदीकाठी पोचले तेव्हा कळप नुकताच थांबला होता. कुत्रीच्या खांद्यातून रक्त गळत होते. एडका एका उंचवट्यावर उभा होता, कारण उंचवटा दिसला की त्यावर चढल्याशिवाय त्याला राहवत नसे. तो धापा टाकत गरजला, "पाच शेळ्यांचं दूध पाजलं हिला. पाच. आणि एक लांडगा हिला आवरला नाही." वर कावळा होताच. आपण तर आधीपासून सांगत होतो की ही फार सुटली आहे, असे तो म्हणाला.

"शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड," म्हातारी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ही म्हण आमच्यावरून पडली, पण आज ती हिच्यासाठी वापरते."

मग ती कुत्रीशेजारी पाय मुडपून बसली आणि रवंथ करू लागली. एडका बोलत राहिला. नवा राखणदार शोधू, चांगला धष्टपुष्ट शोधू, असे काहीबाही. एवढी जखमी झालेली कुत्री, पण चौदाव्या घासाला तिची जीभ आत गेली आणि तोंड मिटले. शेळी चावतच होती. सतरा. वीस. मेंढरांचे लक्ष तिच्या जबड्याकडे गेले. तिथून ते उंचवट्यावर गेले, आणि एकेका मेंढीला कळू लागले की म्हातारी आता कुणाची धाप मोजते आहे.

एडका म्हणाला, "सगळे असे काय बघताय?"

शेळीने तोंडातला घास नीट चावून गिळला. "बोलू नका, आबा. तुम्ही फक्त पळालात, लढला नाहीत, तरी पंचवीस झाले. अजून उतरली नाही."

या वेळी कुणी हसले नाही. कळपातली सगळ्यांत थोराड मेंढी उठली, एडक्याकडे पाठ करून शेळीजवळ येऊन बसली आणि रवंथ करू लागली. मग दुसरी उठली. मग सगळ्याच.

तात्पर्य : जो आपल्यासाठी धावतो, त्याची तयारी त्याच्या धावण्यावरून ओळखावी, अंगावरच्या तुकतुकीवरून नव्हे, आणि आपल्याला ओळखता येत नसेल, तर जो रोज बसून मोजतो त्याला हसू तरी नये.