सुगरणीची जोडणी

सागाच्या एका रानात एक हुशार माकड राहत असे. हुशार ते होतेच, पण ते सांगत फिरण्याची हौस त्याहून मोठी! पाणवठ्यावर माणसांनी टाकून दिलेले सोलर पॅनेल, बॅटरी, तारेचे भेंडोळे आणि तीन बल्ब त्याला सापडले. पॅनेल उन्हात ठेवून त्याने बॅटरीला जोडले. मग बॅटरीच्या एका टोकापासून त्याने तार आपल्या ढोलीत नेली, तिथून साळिंदराच्या बिळात, तिथून रानकोंबडीच्या जाळीत आणि शेवटी बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला. तिन्ही बल्ब लागले. मिणमिणते का होईना, पण लागले! "एका माळेत तीन घरं! याला म्हणतात एकी," माकड म्हणाले. मुलांनो, त्याचे कौतुक करायलाच हवे. रानात असे आधी कुणी केले नव्हते.

कोंबडीची पाच पिल्ले ऐन थंडीत जन्मली होती. कोंबडी दाणे टिपायला गेली की जाळीतल्या बल्बची ऊबच त्यांना सांभाळी. एके सकाळी रात्रभर भटकून आलेल्या साळिंदराने झोपण्यासाठी आपला बल्ब काढून ठेवला. वीज बॅटरीतून निघून पुन्हा बॅटरीत पोचली तरच दिवा लागतो. इथे वाटच तुटली आणि तिन्ही दिवे गेले. कोंबडी परतली तेव्हा पिल्ले गारठली होती. एक तर चिवचिवतही नव्हते. तिने आकांत मांडला. माकड साळिंदरावर ओरडले, "तुला काही दयामाया?"

"आहे हो! पण डोळ्यांवर दिवा घेऊन झोपू कसा? आठ दिवस डोळ्याला डोळा नाही," साळिंदर रडवेले होऊन म्हणाले.

पाण्यावर झुकलेल्या बाभळीवरून सुगरण हे ऐकत होती. ती म्हणाली, "माकडदादा, त्याला कशाला बोलता? चुकली ती जोडणी. मी घरटी एकाखाली एक टांगली असती, तर वरचं तुटताच खालची सगळी पाण्यात गेली असती. म्हणून प्रत्येकाला फांदीपासून वेगळा दोर." आणि ती कामाला लागली. बॅटरीपासून प्रत्येक घराला जायची एक तार, यायची एक तार. एवढीशी चोच, पण एक गाठ सैल नाही! कोंबडी तोवर उपाशीपोटी पिल्लांना पंखांखाली घेऊन बसली होती. शाळेच्या पुस्तकात माकडाच्या जोडणीला एकसर म्हणतात आणि सुगरणीच्या जोडणीला समांतर. सुगरण शाळेत गेलेली नव्हती, हे मला फार आवडते.

दुपारी तिन्ही बल्ब पूर्वीपेक्षा लख्ख लागले. साळिंदराने भीतभीत आपला काढला. कोंबडीचा तसाच तेवत राहिला! पाचही पिल्ले उबेत चिवचिवू लागली.

माकडाला राहवेना. "पण असे लख्ख जळले तर बॅटरी लवकर उतरेल!"

"उतरेल ना," सुगरण म्हणाली. "म्हणून ज्याला नको त्याने विझवावा. आता त्याने कुणाचं बिघडत नाही."

माकड ढोलीत गेले आणि पिल्लांना वीज पुरावी म्हणून त्याने आपला बल्ब काढून ठेवला. ही गोष्ट मात्र त्याने कुणालाच सांगितली नाही.

तात्पर्य : एकाने डोळे मिटताच सगळ्यांच्या घरी अंधार होत असेल, तर त्या एकाला दोष देऊ नये, जोडणी बदलावी.