अनसेची बाग आणि भुईवाचूनची राणी

एका राज्यात जमिनीला कान होते. तिच्यासमोर दिलेला शब्द ती कधी विसरत नसे.

त्या राज्याची राणी मृण्मयी हिला जन्मात जमिनीवर चालता आलं नव्हतं. पाय ठेवला, की भुई पाण्यासारखी दुभंगे आणि तिला आत ओढू लागे. म्हणून ती झोपाळ्यावर वाढली, आणि वडील निवर्तले तेव्हा हत्तीवरच्या अंबारीतून राज्य करू लागली. वडिलांवर तिचा फार जीव. त्यांनीच तिला कडेवर घेऊन सारं राज्य दाखवलं होतं.

एके दिवशी अंबारीच्या दांडीवर एक धनेश पक्षी येऊन बसला.

"राणी, भुई तुझ्यावर का रुसली, ऐकायचं आहे?"

"सांग."

"तुझ्या वडिलांनी अनसा माळणीची बाग काढून घेतली. सगळ्या गावासाठी तळं खोदायचं, असं सांगितलं. तळं झालं नाही. बाग गेली त्यांच्या मित्राला, भ्रमकेतू मांत्रिकाला. निघताना अनसा म्हणाली, माझी भुई हिसकावलीत, तुमच्या लेकराला भुई लाभायची नाही."

"माझे वडील खोटं बोलणारे नव्हते."

"भुईलाच विचार."

राणीने मूठभर माती मागवून कानाशी धरली. मातीतून वडिलांचा ओळखीचा, मायाळू आवाज आला: "तळं म्हणून घ्या. मागाहून कोण विचारतो?"

तिच्या हातून माती सांडली. सांडलेली माती तिने बोटांनी गोळा केली. मग म्हणाली, "उपाय?"

"तीन कामं. जे झालं ते भरसभेत सांग. जे घेतलं ते परत दे. आणि जिचं घेतलं तिचं ऐकून घे, मग ती काहीही बोलो."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. राणी अंबारीत उभी राहिली. वडिलांची पगडी समोरच्या सिंहासनावर ठेवलेली होती. पगडीकडे न बघता ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी रयतेशी खोटं बोलून एका बाईची बाग घेतली." कुणी मान खाली घातली, कुणी डोळे पुसले. राणीने तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने उच्चारलं.

मग हत्ती भ्रमकेतूच्या दारी गेला. बागेच्या जागी आता आरशांचा महाल होता. मांत्रिक हसत सामोरा आला. त्याच्या हातात सोन्याच्या पादुका होत्या.

"राणीसाहेब, या घाला आणि हव्या तिथे चाला. महाल तेवढा माझ्याकडे राहू द्या."

राणीने पादुकांकडे पाहिलं. गवतावर चालायचं स्वप्न तिला रोज पडत असे. हात पुढे झाला, आणि तिने तो मागे घेतला.

"ज्या कामासाठी जागा घेतली ते काम झालं नाही. राजाला ती ठेवण्याचा हक्क नव्हता, तसा तुम्हाला देण्याचाही नव्हता. मी ते दान मागे घेते."

महाल राजाच्या शब्दावर उभा होता. तो शब्द मागे घेतला, तसे आरसे कबुतरं होऊन उडून गेले. भ्रमकेतू त्यांच्यामागे धावत सुटला, तो पुन्हा दिसला नाही.

अनसा राज्याच्या सीमेवर झोपडीत राहत होती. केस पांढरे झालेले, हात अजून मातीचे.

"माई, तुमची बाग तुमची झाली," राणी हत्तीवरून म्हणाली. "वडिलांच्या वतीने क्षमा मागते."

"माझा नवरा त्या बागेची आठवण काढत गेला, राणीसाहेब. क्षमा नाही करत मी."

प्रधान रागाने पुढे सरसावला. राणीने त्याला थांबवलं.

"तो तुमचा अधिकार आहे, माई. मी ऐकलं."

तिच्या मनाने धरलं, की आता शाप काही फिटत नाही. तरी उंचावरून बोलणं तिला बरं वाटेना. बुडायचं तर बुडू, असं म्हणून ती खाली उतरली.

भुई घट्ट राहिली.

राणी थरथरली, डगमगली, पडता पडता वाचली. तिचा दंड अनसेने धरला होता.

"क्षमा नाही," म्हातारी म्हणाली, "पण चालायचं कसं, ते दाखवते. टाच आधी टेक, पोरी."

दोघी हळूहळू चालत बागेकडे निघाल्या. हत्ती रिकाम्या अंबारीने मागून येत होता.

पुढे राणीने कायदा केला: रयतेची जागा घ्यायची तर काम सर्वांचं असावं, मालकाला आधी विचारावं, घेतलेल्याच्या तोडीचं हातात द्यावं, आणि काम झालं नाही तर जागा परत जावी. दवंडी पिटणाऱ्याने तो जमिनीकडे तोंड करून वाचला. दुष्काळ आला तेव्हा कालव्यासाठी जागा मागायला राणी स्वतः अनसेच्या दारी गेली. अनसा म्हणाली, "कडेची पट्टी घे, बदल्यात ओढ्याकाठची जागा दे. बागेतल्या चिंचेला मात्र धक्का लावू नकोस." कालवा चिंचेला वळसा घालून गेला, आणि सगळं गाव त्याचं पाणी प्यालं.