मधाच्या ओंडक्याची डबी

खूप खूप पूर्वी, ज्याची शीव आता कुणालाच दाखवता येणार नाही अशा एका राज्यात, एक भलंमोठं कोठार होतं. राज्याला राजाही होता आणि तो चांगलाही होता, पण बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, ही गोष्ट त्याची नाही. ही गोष्ट कोठाराच्या चाव्या कमरेला लावणाऱ्या तुळसाक्काची आहे.

कोठाराच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या टांगलेल्या असत. पट्टीच्या खालच्या कडेला खाच असली, की तिच्यावर नुसता आकडा असे. तेवढे शेर धान्य राजाच्या स्वयंपाकघराच्या वाट्याचं. खाच नसली, की पट्टीवर एखाद्या वस्तूची जागा लिहिलेली असे. तिसरी रांग, सातवा रांजण, असं काहीतरी.

दर अमावास्येला कोठाराची आवराआवर होई. हैबती म्होरक्या आणि त्याचे हमाल एकेका पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवत. खाच लागली की पट्टीकडे बघतही नसत. नाही लागली की लिहिलेल्या जागी जात, तिथली वस्तू झटकत, मोकळ्या जागेत सरकवत आणि पट्टीवर नवी जागा लिहीत. ज्या वस्तूची पट्टीच नाही, ती बाहेर. चार हजार वस्तू आणि अर्धा दिवस! असे हमाल मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत, आणि तुम्हीही पाहणार नाही.

एकदा डोंगरावरची मधवाली म्हातारी तुळसाक्काकडे आली. कड्याच्या कपारीत तिचे दोन पोकळ ओंडके होते आणि त्यांत काळ्या माश्या राहत. त्यांचा कडू मध चाटवला की पोरांचा तांबडा ताप उतरे. दुसरं औषध त्या तापाला नव्हतंच.

"अक्का, माझ्या मागं कोण न्हाई," म्हातारी म्हणाली. "जागा तुझ्यापाशी ठिवून जाते. पण वंडकं हलवू नगंस. कपार सुटली की माश्या जात्यात, त्या परत येत न्हाईत."

"नाही हलवणार," तुळसाक्का म्हणाली. "शब्द दिला."

तिने एका कोऱ्या पट्टीवर जागा लिहिली, 'शिवेच्या वडापासून उत्तरेला नऊशे पावलं, कपार', आणि पट्टी भिंतीला टांगली.

अमावास्या आली. हैबतीचा अंगठा फिरला. खाच नाही. म्हणजे वस्तू आपली, म्हणजे झटकायची आणि सरकवायची. बिचारे सहाजण कडा चढून गेले, अंगभर डंख खाल्ले, आणि एक ओंडका खांद्यावरून आणून तुपाच्या दोन रांजणांमध्ये अगदी ओळीत ठेवला. दुसरा आणायला निघणार, तोच तुळसाक्का धावत आली. पण तोवर माश्या झरोक्यातून निघून गेल्या होत्या. ओंडका रिकामा पडला होता.

ती तिथेच बसून रडली. हैबती सुजलेलं तोंड घेऊन उभा होता. "अक्का, आमचं काय चुकलं?"

"तुमचं काहीच चुकलं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही तुमचं काम केलंत. परक्याच्या वस्तूवर आपली पट्टी मी लावली."

आता एकच ओंडका उरला होता. तो गेला असता, तर राज्यातल्या पोरांना तापातून उठवणारं काहीच राहिलं नसतं.

मग तिने ती पट्टी काढून दुसरी घेतली, तिच्यावर नुसतं 'नऊशे' लिहिलं आणि कडेला खाच पाडली. खरंच, पुढच्या अमावास्येला हमालांनी तिला हात लावला नाही. तुळसाक्काच्या जिवात जीव आला.

पण हा दिलासा फार दिवस टिकला नाही. राजाचा आचारी आला. खाच दिसली, आकडा दिसला. त्याने 'माझे नऊशे शेर' म्हणत त्यातले चाळीस शेर तांदूळ नेले आणि रीतीप्रमाणे नऊशे पुसून आठशे साठ लिहिलं. वडापासून आठशे साठ पावलांवर काय आहे ठाऊक आहे? दरी. कपारीची वाट तिच्या कडेनंच पुढे जाते; त्या आकड्यावर विसंबून कुणी तिथेच कपार शोधायला उतरलं असतं, तर मध राहू द्या, माणूसही हाती लागला नसता.

तुळसाक्काला नऊशे पाठ होतं म्हणून निभावलं. पण डोक्यात ठेवलेल्या गोष्टीचा काय भरवसा?

दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. खाच पाडावी तर आकडा म्हणून कुणी कमीजास्त करतो. न पाडावी तर आपली म्हणून कुणी उचलून आणतो. तिसऱ्या दिवशी ती सुताराकडे गेली आणि एक लहानशी शिसवी डबी करवून आणली. नऊशे पावलांची वाट एका चिठ्ठीवर लिहून तिने आत ठेवली, झाकण लाखेने बंद केलं आणि लाखेवर माशीचा शिक्का उठवला. मग डबी पाचव्या रांगेत ठेवली आणि बिनखाचेच्या पट्टीवर तीच माशी उठवून डबीची जागा लिहिली. कपारीची नव्हे, डबीची!

तिने हैबतीला बोलावलं. "ही डबी कोठाराची. झटका, सरकवा, कुठेही ठेवा. आत आहे ते परक्याचं आहे. ते वाचायचं नाही, त्याच्या मागे जायचं नाही."

"आणि एक दिवस डबीचीच पट्टी ऱ्हायली न्हाई तर?"

हा प्रश्न ऐकून तुळसाक्काने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. खरा कामकरी हाच. "तर टाकून देण्याआधी डोंगरावर मधवालीकडे निरोप धाडा. तुमचं तुम्ही बघा म्हणावं, आमची राखण संपली."

वर्षं गेली. मधवाली म्हातारी गेली. तुळसाक्काच्या चाव्या तिच्या भाचीकडे, रखमाकडे आल्या. अक्का स्वतः ओसरीवर बसून असे आणि तिला दुपारी सकाळचं आठवत नसे.

त्या वर्षी तांबडा ताप आला. घरोघर पोरं निपचित पडली. रखमा धावत अक्काकडे गेली. "मावशी, तो मध कुठं मिळतो?"

अक्काने खूप विचार केला. "कसला मध गं?" ती म्हणाली, आणि काहीतरी हरवलंय एवढंच कळून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रखमाने भिंतीवरच्या पट्ट्या धुंडाळल्या. माशीचा शिक्का असलेली पट्टी सापडली. दुसरी रांग, चौदावा कोनाडा. म्हातारा हैबती डबी घेऊन आला. "तीनशेदा सरकवली," तो म्हणाला. "उघडली एकदाबी न्हाई."

लाख फोडली. आत नऊशे पावलं होती, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. रखमा ती मोजत गेली आणि कपारीपाशी पोचण्याआधीच तिला गुणगुण ऐकू आली.

संध्याकाळपर्यंत पोरांच्या जिभेवर मध पडला. तिसऱ्या दिवशी ती अंगणात धिंगाणा घालत होती. अक्का त्यांच्याकडे बघून हसत होती. ही पोरं आपण वाचवली, हे तिला ठाऊक नव्हतं. ते आपण लक्षात ठेवायचं.

तात्पर्य: परक्याची ठेव सांभाळायची, तर तिला आपली वस्तू समजून हलवू नये आणि नुसता आकडा समजून बदलू नये, तिच्यासाठी आपली डबी करावी आणि झाकण मिटून ठेवावं.