पहिला कॅमेरा आणि अकरा खंड्या

गटात आलं की कॅमेरा गटाचाच घ्यायचा, आणि का म्हणून विचारायचं नाही.

"पण का?" उत्तराने विचारलं.

हटवार काकांनी कपबशी खाली ठेवली. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या अकरा जणांच्या गटात ते सगळ्यांत जुने. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच ऐकावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"आत्ताच काय सांगितलं, बेटा?"

"विचारायचं नाही, असं सांगितलंत. का, ते नाही सांगितलं."

कार्तिकातली सकाळ होती. तळ्याच्या बांधावर दोन तास पक्षी टिपून झाले की गट दर रविवारी या काठावरच्या मठात चहाला टेकायचा. मठात वेणूमाय एकटीच राहायची. सत्तरी ओलांडलेली, संन्यासाला पस्तीस वर्षं झालेली, मोजकं बोलणारी. नव्या सभासदाने कॅमेरा घेण्याआधी तिच्या पाया पडायचं, हाही गटाचा एक नियम.

आज उत्तरा लांजेवारची पाळी होती. इथून उठायचं, गाडीत बसायचं, भंडाऱ्याच्या दुकानात जायचं आणि गटाच्या कंपनीचा कॅमेरा घ्यायचा, असं ठरलं होतं. ठरवलं होतं गटाने. पैसे मात्र उत्तराचे होते, दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले. त्यात एकच कॅमेरा येणार होता, आणि पुढची कैक वर्षं तोच पुरवायचा होता.

वेणूमाय पडवीत विळीवर शिंगाडे सोलत बसली होती.

"काय भांडण आहे?" तिने मान वर न करता विचारलं.

"भांडण नाही, माय," काका म्हणाले. "साधी गोष्ट आहे. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसत नाही. आमचे अकराच्या अकरा कॅमेरे एकाच कंपनीचे. हिने तोच घेतला की आमच्या सगळ्या लेन्स हिच्याच. माझी ही मोठी लेन्स विकत घ्यायची म्हटली, तर हिचा अर्धा जन्म शिकवण्या घेण्यात जाईल. आम्ही फुकट देतो म्हणतो. आणि हिला दुसऱ्याच कंपनीचा हवाय."

"काऊन, पोरी?"

उत्तरा याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिने पिशवीतून वही काढली. सात पानं, नऊ कॅमेरे, प्रत्येकाचं वजन, प्रत्येकाची किंमत, अंधारात कोण किती चांगलं बघतो ते, सगळं रकान्यांत. ती घडाघडा वाचू लागली. तिसऱ्या पानावर वेणूमायने विळीवरचा हात थांबवला.

"हे वहीले पाहिजे. तुले काय पाहिजे?"

उत्तराने वही मिटली. असं तिला कुणी विचारलंच नव्हतं…

"तो माझ्या हातात बसतो," ती शेवटी म्हणाली. "दुकानात तीनदा जाऊन धरून पाहिला. यांच्या कॅमेऱ्याचं बटण गाठेपर्यंत माझी पकडच सुटते."

"सवय होते हाताला," बोरकर डॉक्टर म्हणाले. "आमच्या हिच्या नाही का झाली?"

"काकूंना विचारलं होतंत?"

डॉक्टरांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं.

"आणि गेल्या वर्षीचं प्रदर्शन सांगू, माय?" उत्तरा आता थांबणार नव्हती. "भिंतीवर अकरा खंड्या. एकाच फांदीवर बसलेला एकच खंड्या, अकरा चौकटींत. लोक विचारत होते, बक्षीस फोटोला आहे की खंड्याला."

"पाण्यातली पडछाया फक्त माझ्या फोटोत होती," हटवार काका दुखावल्या स्वरात म्हणाले.

वेणूमायने एक सोललेला शिंगाडा त्यांच्या हातावर ठेवला.

"आज काय पाहिलं, बापू?"

काकांचा चेहरा उजळला. "सतरा चक्रवाक. पूर्वेकडून आले, एका झोतात पाण्यावर उतरले. यंदाचे पहिलेच."

"अन् तू, पोरी?"

"एक बाई."

"कोणती बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिंगाडे काढत होती. डोंग्यात एकटीच. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले होते, अंगठा तेवढा उघडा. वेल उलटी करायची, शिंगाडा चाचपायचा, खुडायचा, वेल पुन्हा पाण्यात सोडायची. पाण्याकडे बघतसुद्धा नव्हती. सगळं त्या अंगठ्याला दिसत होतं."

"बांधावरून इतकं दिसलं तुला?"

"डोंगा अगदी आपल्या पायांशी होता, डॉक्टरकाका. तुम्ही सगळे लांब बघत होतात." उत्तराने हटवार काकांकडे पाहिलं. "फोटोत येत होती ना ती. काकांनी हाक मारून डोंगा बाजूला घ्यायला लावला."

काकांनी तोंडातला शिंगाडा सावकाश चावला.

वेणूमायने विळी आडवी केली. शिंगाड्याच्या रसाने काळा पडलेला उजवा तळवा तिने पुढे धरला.

"बापू, याचा फोटो घ्या."

"हाताचा?"

"हाताचा."

काकांनी कॅमेरा उचलला. त्यावरची लेन्स हातभर लांब. ती त्यांनी रोखली. आतलं भिंग घुर्र करून पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. चित्र काही ठरेना.

"इतक्या जवळचं हिला दिसत नाही, माय. मागे जावं लागेल."

"जा."

काका दोन पावलं मागे सरले. घुर्र… पडवीची पायरी उतरले. घुर्र… अंगणात गेले, चुलीला वळसा घातला, आणि फाटकाला पाठ टेकली तेव्हा कुठे भिंग शांत झालं.

"आला," ते तिकडून ओरडले. "हलवू नका."

"काटा आहे त्यात," वेणूमाय हळूच म्हणाली.

"काय म्हणालात?"

"काटा आहे म्हणते," ती तेवढ्याच हळू म्हणाली.

"ऐकू येत नाही, माय. पण फोटो झकास आलाय."

उत्तरा तिच्या शेजारीच बसली होती. तिने तो तळवा आपल्या मांडीवर ओढला. करंगळीखाली शिंगाड्याचं टोक मोडून रुतलं होतं. तिने नखांच्या चिमटीत धरलं आणि उपटून फेकलं. वेणूमायच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली, बस. रक्ताचा थेंब आला, तो तिने पदराला पुसला.

काका धापा टाकत परत आले. पडद्यावरचा फोटो त्यांनी सगळ्यांना दाखवला. फोटो खरोखरच सुरेख होता. तळव्यावरची रेघन् रेघ उमटली होती. त्यांनी तो मोठा करून पाहिला.

"अरे, काटा रुतलाय की. हा बघा, करंगळीखाली. केवढा स्पष्ट आलाय."

"दाखवा," वेणूमाय म्हणाली आणि आपला तळवा पडद्याशेजारी धरला.

काकांनी फोटो पाहिला. हात पाहिला. पुन्हा फोटो पाहिला…

माणूस वाईट नव्हता. त्याने मग जे केलं ते गटात कुणी कधी पाहिलं नव्हतं. काकांनी कॅमेऱ्यावरची लेन्स काढली आणि उत्तराच्या मांडीवर ठेवली. ज्या लेन्सला डॉक्टरांनासुद्धा हात लावायची परवानगी नव्हती, ती.

"वर्षभर तुझ्याकडे ठेव. मी मागायला येणार नाही. तू हातांचे घे, बायकांचे घे, काय हवे ते फोटो घे. फक्त कॅमेरा आपला घे."

लेन्स जड होती. उत्तराच्या मांडीला तिचा थंडपणा कपड्यातून लागला. घ्यावी का, असं तिला वाटून गेलं. खोटं कशाला, चांगलं दोनदा वाटून गेलं.

"आणि नाही घेतला तर?"

"तर रविवारी गाडीत जागा नाही, बेटा. प्रदर्शनातही नाही. नियम काही मी एकट्याने केलेला नाही."

"केला कुणी?"

काकांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्यांच्या शेजारच्याकडे. त्याने आपल्या शेजारच्याकडे. रांग संपली, नियम करणारा काही सापडला नाही.

उत्तराने दोन्ही हातांनी लेन्स उचलली, पुसली आणि काकांच्या हातात परत दिली.

"तुम्ही मनापासून देताय, मला कळतंय. पण ही घेतली की मी तुमच्या रांगेत उभी राहणार, काका. मागे सरत सरत फाटकापर्यंत जाणार. आज ना उद्या मीही त्या बाईला म्हणणार, जरा बाजूला व्हा. मला तिच्या डोंग्यात बसायचंय. तिथे माझ्या मुठीत मावेल असा कॅमेरा लागेल, आणि वीतभरावरचं दिसेल अशी एक लेन्स. तेवढे पैसे आहेत माझ्याकडे. तुमचा कॅमेरा मी घेणार नाही."

"आणि इथे येणार कशी? गाडीशिवाय?"

"एसटी सात वाजता फाट्यावर सोडते. तिथून चालत अर्धा तास. मी विचारून ठेवलंय."

आता तिचे हात मोकळे झाले होते. इतके मोकळे की त्यांचं काय करावं तिला सुचेना, म्हणून तिने पाटीतला एक शिंगाडा उचलला आणि दातांनी सोलून खाल्ला.

पडवीत अकरा माणसं बसली होती. सगळ्यांची मिळून साडेसहाशे वर्षांची उमर असेल. एकालाही 'पण' म्हणता येईना. डॉक्टर कपातलं बिस्किट चमच्याने शोधत राहिले. काकांनी लेन्सला झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं…

मग ते वेणूमायकडे वळले.

"तुम्ही तरी समजवा हिला, माय. लेन्स नाही, गट नाही, अजून कॅमेरासुद्धा नाही हिच्याकडे."

वेणूमायने विळी उभी केली. पाटीतला पुढचा शिंगाडा घेतला.

"कॅमेरा तं हिनं घेतला, बापू. आता दुकानात जायाचं तेवढं राहिलं."