पवळ्याचा डावा खांदा

मुक्या जनावराच्या अंगावर फोड उठले की तुम्ही लगेच देवाच्या कोपाकडे बोट दाखवता. त्या बोटाला काय लागलंय, हे मात्र कधी बघत नाही!

नांदुरखेड्याचंही असंच झालं. कुणाच्या पणजोबांनीही पाहिली नसेल, इतकी ही जुनी गोष्ट. तेव्हा पोळ्याच्या आदल्या सांजेला गावातले सगळे बैल मारुतीपुढे उभे राहत. मधे एकच मोठी लाकडी काठवट, तिच्यात हळद आणि लोणी. तिच्यातच हात बुडवून जो तो बैलांचे खांदे मळी. एक गाव, एक काठवट, याचा गावाला मोठा अभिमान.

एका वर्षी कुणाच्या तरी बैलाच्या खांद्यावर पुवाचे फोड होते. बिचाऱ्याला म्हणून सगळ्यांनी जास्तच मळलं. पोळा सरला आणि घरोघरच्या बैलांचे खांदे फुटले. केस झडले, कातडी सोलली, पू वाहू लागला. माश्यांनी आभाळ काळं झालं, असं म्हणतात. आणि गावानं काय केलं? देव कोपला म्हणून रोज त्याच काठवटीतून पुन्हा खांदे मळले! बैल मरू लागले.

एकच बैल धडधाकट राहिला, येसू तेलिणीचा पवळ्या. नवरा गेल्याचं सुतक होतं, म्हणून येसूनं त्याला मारुतीपुढे नेलंच नव्हतं. तेलाच्या घाण्याला तो एकटाच फिरायचा, आणि त्याच्या फेऱ्यांवर तिची चूल पेटायची.

गाव तिच्या दारात आलं.

"करणी केलीस तू, येसे!" केरबा पाटील ओरडला. "बैल दे, न्हाईतर गाव सोड."

"काठवट आणा," येसू म्हणाली.

घाण्याच्या जोखडानं पवळ्याचे दोन्ही खांदे सारखेच सोलवटले होते. येसूनं डावा खांदा गावाच्या काठवटीतून मळला. मग हात राखेनं घासले, घरच्या वाटीत नवी हळद आणि तेल कालवलं आणि उजवा मळला. मळताना ती रडत होती, असं म्हणतात. पवळ्या तिचा हात चाटत होता.

"आता बघा, कुठला फुटतो."

गाव रोज बघायला येई. डावा फुटला. उजवा तुकतुकीत राहिला.

काहींना रडू फुटलं. माणसं आपापल्या हातांकडे बघत राहिली. पाटलानं आपले हात अंगापासून लांब धरले, जणू ते दुसऱ्याचेच.

"म्हंजे... आमीच?"

"रडू नका. लिंबाचा पाला उकळा. एका बैलाला हात लावला की धुवा, मंग दुसऱ्याला."

असं म्हणतात, गावातले सगळे कडुनिंब बोडके झाले. धुतल्या पाण्यानं नदी कडू झाली. येसूचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले आणि मरेपर्यंत हिरवेच राहिले. उभे होते ते बैल वाचले. पवळ्याही वाचला. डाव्या खांद्यावर पांढरा डाग तेवढा राहिला, आणि पुढे गावात जन्मलेल्या प्रत्येक गोऱ्ह्याला तो डाग असे.

आजही नांदुरखेड्यात खांदेमळणीला प्रत्येक बैलाची वाटी वेगळी. मळणारा आधी लिंबाच्या पाण्यात हात धुतो, तळवे वर करतो आणि म्हणतो, "येसाई, हात बघ." मगच बैलाला शिवतो.

मागच्या पोळ्याला एक नवे जावई आले होते. बैल दिसताच मोठ्या प्रेमानं त्यांनी त्याच्या मानेकडे हात नेला. सासूनं तो वरच्यावर धरला.

"लाड मागनं करा, जावईबापू. आधी हात धुवा."