पोटाशी बांधलेल्या तीन बिया

घाटमाथ्यावर एक कातळाचं गाव होतं. तिथे हैबती राहायचा, विहिरी फोडणारा गडी. त्याची बायको गजरा राहायची. आणि गावावरच्या टेकाडावर राहायचा लतीफशा फकीर. या तिघांची ही गोष्ट, नीट ऐका.

“बाबा, बी रुजत कशी नाही?” झोपडीत शिरता शिरताच हैबतीने विचारलं. “माझ्या पहारीनं कातळ फुटतो, आणि एवढीशी बी माझं ऐकत नाही?”

चुलीजवळ खापरांत कारल्याची रोपं उभी होती. बाहेर पौषाच्या थंडीने गवत करपलेलं, आणि आत ही हिरवीगार.

हैबती बघतच राहिला.

“किती पेरल्यास?” फकिराने विचारलं.

“पाच होत्या दुधीच्या, आईच्या वेलाच्या. औंदा वानरांनी वेल मुळासकट ओरबाडला, बाकीचं बियाणं उंदरांनी नेलं. दोन अंगणात पेरल्या. रोज उकरून बघत होतो. कुजल्या.” त्याने मूठ उघडली. “या तीन राहिल्या. या गेल्या की वेल गेला.”

त्या कातळावर उन्हाळ्यात दुसरं काही पिकायचं नाही. मोरीच्या पाण्यावर वाढणारा तो एक वेलच घर जगवायचा.

“काम सांगा बाबा. पडेल ते करतो.”

फकिराने बिया कोमट पाण्यात टाकल्या. दिवस कलेपर्यंत भिजू दिल्या. मग ओल्या फडक्यात गुंडाळल्या.

हैबतीला वाटलं, आता खड्डा खणायला सांगणार. फकिराने त्याची बंडी वर केली आणि ते फडकं बेंबीखाली, पोटाशी बांधून टाकलं.

“हे काय?”

“ऊब पाहिजे त्यांना. पाच दिवस. पहार उचलायची नाही. पालथं झोपायचं नाही. फडकं वाळू द्यायचं नाही. उघडून बघायचं नाही.”

“मग करायचं काय?”

“काही नाही.”

“… काही नाही, हे कसं करायचं असतं?”

फकीर रोपांना पाणी घालायला लागला.

आता घरची गोष्ट सांगते. गजराला सहावा महिना होता. आधी दोनदा पोटातून गेलेलं. सुईणीने बजावलं होतं, जड उचलू नको, धावपळ करू नको. हैबतीला ते पटायचं नाही. संध्याकाळी आला की विचारायचा, “दिवसभर केलंस काय?” ती म्हणायची, “काही नाही.” मग हा नाक मुरडायचा आणि पाण्याचा हंडा तिच्याच पुढ्यात सरकवायचा.

तो हैबती त्या दिवशी पोटावर हात ठेवून घरी आला.

“अगंबाई!” गजरा म्हणाली. “कितवा लागला, धनी?”

झऱ्यावरच्या बायका तर काय सोडतात!

“हैबती भावजी, डोहाळे कसले लागलेत? चिंच आणून देऊ का?”

“बाळंतपण माहेरी करणार, का सासरी?”

हैबती चिडला. पण चिडला की पोट हिंदकळायचं. म्हणून चिडणंसुद्धा गिळावं लागलं.

सकाळ-संध्याकाळ गजरा कोमट पाण्याचे चार थेंब फडक्यावर सोडायची. तेवढं झालं की तो नुसता बसायचा. बसून बसून त्याची पाठ धरली. कातळ फोडताना कधी धरली नव्हती.

“आत काय चाललंय, काही कळत नाही,” तो म्हणाला.

गजरा म्हणाली, “नाहीच कळत.”

तिसऱ्या दिवशी शेजारच्यांची शेळी कुंपणात घुसली. हैबती ओरडत उठला, काठी उचलली, धावला… आणि मधेच थांबला. काठी गळून पडली. दोन्ही हात आपसूक पोटाखाली गेले.

त्याने मान वर केली.

उंबऱ्यात गजरा उभी होती. ओरड्याने दचकलेली. तिचेही दोन्ही हात तसेच, पोटाखाली.

शेळी पाला खात होती. दोघंही हलेनात.

“हळू,” गजरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच हैबती झऱ्यावर गेला. हंडा उचलायचा नव्हता, म्हणून लोटा नेला. लोट्या-लोट्याने पाणी आणलं. बावीस खेपा झाल्या. बायका पहिल्या दोन-चार खेपांना हसल्या. मग वाट सोडून बाजूला उभ्या राहिल्या.

पाचव्या दिवशी तो टेकाडावर गेला. फकिराने फडकं सोडलं.

दोन बियांची टोकं उकलली होती. प्रत्येकीतून तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोंब बाहेर आलेला. ओला. जिवंत.

हैबतीने श्वास रोखला. इतक्या विहिरी फोडल्या, कितीदा कातळातून पाणी उसळताना बघितलं. पण असं नवल कधी वाटलं नव्हतं.

“बाबा… हे माझ्या पोटाशी झालं?”

फकिराने मातीने भरलेली दोन खापरं पुढे केली. हैबतीने कोंब खाली धरून एकेक बी लावली, वरून बोटाच्या पेराएवढी माती लोटली.

तिसरी बी मिटलेलीच होती.

हैबतीने ती फडक्यात गुंडाळली, पाणी शिंपडलं आणि पुन्हा पोटाशी बांधली.

फकीर त्याच्याकडे बघत राहिला.

आठव्या दिवशी तीही उकलली.

महिनाभर खापरं चुलीच्या उबेला राहिली. दिवसा ऊन आलं की हैबती ती दारात मांडायचा, कलायच्या आत घरात घ्यायचा. थंडी सरल्यावर रोपं परसात लावली. चैत्रात गजरा बाळंत झाली. मुलगी झाली, ठणठणीत, रडली ती चार घरांना ऐकू गेली. वैशाखात तिन्ही वेल छपरावर चढले आणि दुधी लोंबायला लागले. आईचा वेल राहिला. घर भरलं.

सव्वा महिना झाला तशी तिघं टेकाडावर गेली. पहिला दुधी गजराच्या हातात होता. लेक हैबतीच्या छातीशी निजलेली.

“बाबा, तुमच्या कृपेनं सगळं मिळालं,” हैबती म्हणाला. “आता काही मागणं नाही.”

फकिराने दुधी घेतला. लेकीच्या तोंडाकडे बघितलं. मग हात पुढे करून हैबतीच्या बेंबीखाली हलकेच टेकवला…

“रिकामं वाटतं का रे इथं, बेटा?”